भाऊसाहेबांचा वरचा सा

मुकुल सेलूकर नवीन जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत गुणवत्ता तपासणी अधिकारी होता, आणि त्याच्या स्वभावात जे काही ताठ होतं ते नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच मऊ पडलं होतं. काम तसं सरळ. ओल्या कागदात बी ठेवायचं, उबेत ठेवायचं, किती उगवलं ते मोजायचं. उगवण कमी भरली की मालक त्याला केबिनमध्ये बोलवत आणि शांतपणे म्हणत, "मुकुल, परत एकदा मोज." परत मोजल्यावर उगवण वाढायची. बी तेच, कागद तोच, मोजणाराही तोच. सुरुवातीला मुकुलला ह्याचं आश्चर्य वाटायचं, मग वाटेनासं झालं, आणि पुढे पुढे तर पहिल्या मोजणीतच तो दुसरी मोजणी धरून चालू लागला.

मालकांचं नाव धर्मराज, पण त्यांना भाऊसाहेब सोडून दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. वडीगोद्रीकडच्या जुन्या शेतकरी घरातले. मोटारसायकलच्या मागे पोती बांधून गावोगाव हिंडत त्यांनी ही कंपनी उभी केली होती आणि ती खरोखर कौतुकाची गोष्ट होती. पण त्याबद्दल कोणी बोलायला लागलं की भाऊसाहेब कंटाळत. त्यांना अभिमान होता तो आपल्या गळ्याचा.

"बियाणं कोणीबी विकतंय," ते म्हणत. "गळा सगळ्यास्नी नसतो."

दर हंगामाच्या तोंडावर एका मोठ्या मंगल कार्यालयात विक्रेत्यांचा मेळावा भरे. वाणांची माहिती, जेवण आणि शेवटी भाऊसाहेबांचं गाणं. गाणं दरवेळी तेच, एक जुनं हिंदी सिनेगीत, आणि त्याच्या अंतऱ्यात एक जागा अशी होती की तिथं गायकाला एकदम वरच्या सा वर जाऊन उभं राहावं लागे. भाऊसाहेब तिथपर्यंत जात, दाराशी पोहोचत, आणि दार लागलेलं पाहून परत फिरत. पण ते परतणंही त्यांनी ऐटीत बसवलं होतं. माइक थोडा लांब न्यायचा, डोळे मिटायचे आणि डावा हात लोकांकडे उंच करायचा. पुढच्या हंगामाचा माल कोणाला आधी सुटणार हे त्याच हातात असल्यामुळे हात वर गेला की टाळ्या पडत, आणि टाळ्यांत सा निघून जाई.

साथीला कंपनीतलीच माणसं. हिशेब विभागातला हरिओम ऑक्टोपॅड वाजवायचा आणि मुकुल गिटार. परभणीला कृषी महाविद्यालयात असताना मुकुलनं ही इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. बोटं बऱ्यापैकी फिरत. ही गोष्ट भाऊसाहेबांना कळली त्या दिवसापासून तो छंद राहिला नाही, ड्युटी झाली.

एका मेळाव्याचे फोटो पाहताना भाऊसाहेबांचं बोट एका जागी थांबलं.

"ह्या काळ्या डब्या कायच्या?"

गिटारीच्या तारांखाली दोन चपट्या डब्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की वेढ्यांत वीज उठते आणि तीच पुढे स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते. मुकुलनं हे सगळं सांगितलं.

"ते असू दे," भाऊसाहेब म्हणाले. "मी पांढऱ्या कोटात हाये अन् माझ्या मागं हे काजळ लावल्यावानी दिसतंय. वरून काहीतरी चमकदार बसव. जालन्यात स्टीलला काय तोटा हाये का?"

तोटा नव्हताच. एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये बबलू नावाच्या कारागिरानं मापं घेऊन स्टीलची दोन झाकणं ठोकून दिली. दिसायला आरशासारखी. पण बसवल्यावर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येऊ लागला, कारण चुंबकाची निम्मी ओढ त्या लोखंडातच गुंतून पडत होती. मुकुलनं इंटरनेटवर शोधाशोध केली आणि जर्मन सिल्व्हरची तयार कव्हरं मागवली. चमक तीच, आणि चुंबकाला त्यांचं काही देणंघेणं नाही. जुनी काढली, नवी बसवली, दोन बाजूंना सोल्डरचे ठिपके दिले. आवाज उघडला. कव्हराचं टोपण आणि आतले वेढे यांच्यात नखभर पोकळी राहिली होती, पण ती दिसत नव्हती, आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल काळजी करायची सवय मुकुलला ऑफिसनं ठेवली नव्हती.

मेळाव्याच्या दिवशी साउंड होता अंबडच्या बुद्धभूषणचा. माणूस कामात चोख आणि तोंडानं तिखट. भाऊसाहेबांनी त्याला बजावलं, "ह्या टायमाला गिटारीचा आवाज वाढव. मला भरल्यावानी वाटलं पाहिजे." बुद्धभूषणनं वाढवला. फोटोत चमक यावी म्हणून मुकुलला स्पीकरसमोर उभं केलं गेलं. गाणं अंतऱ्यावर आलं. भाऊसाहेबांनी डोळे मिटले, हात उचलला, तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी गिटारीतून एक शिट्टी सुटली. बारीक, लांब, कानातून आरपार जाणारी. मुकुलनं तारांवर तळवा दाबला तरी ती थांबेना, कारण ती तारांतून येतच नव्हती. शेवटी त्यानं आवाजाचं बटण पूर्ण बंद केलं तेव्हा ती मेली. पुढच्या रांगेतल्या एका विक्रेत्याचं लहान लेकरू रडायला लागलं होतं.

गाणं उरकल्यावर भाऊसाहेब स्टेजच्या मागे आले.

"माझ्या गाण्यात कोण वरडलं?"

"माझा साउंड बराबर आहे," बुद्धभूषणनं आधीच सांगून टाकलं. "यांच्या गिटारीतून येत होतं. मी इथून बघत होतो."

मुकुल म्हणाला, "साहेब, तांत्रिक अडचण आली."

"अडचण घरी ठेवून येत जा. पुढच्या मेळाव्यात जर का हे झालं, तर त्या गिटारीची मी चूल पेटवीन."

मुकुल घरी आला तो रडवेला होऊन. त्याची बायको गंधाली बँकेत होती आणि तिला नवऱ्याच्या नोकरीबद्दल फारसा भ्रम नव्हता. त्यानं घरच्या छोट्या स्पीकरला गिटार जोडली आणि कव्हरावर पेचकसानं टकटक केली. स्पीकरमधून कोणीतरी दार ठोठावल्यासारखा आवाज आला. गंधाली जवळ येऊन म्हणाली, "त्या माणसाच्या गाण्यासाठी तुम्ही रविवार घालवणार आहात का?" आणि तिचं ते वाक्य, जरा पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं, स्पीकरमधून परत ऐकू आलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"म्हणजे हे ऐकतंय," मुकुल म्हणाला.

आणि तेच होतं. आवाज मोठा झाला की कव्हराचा पातळ पत्रा पोकळीवर थरथरायचा. ती थरथर वेढे उचलायचे, स्पीकर ती मोठी करून बाहेर टाकायचा, त्या आवाजानं पत्रा आणखी थरथरायचा. असं गोल गोल फिरत शिट्टी व्हायची. उपाय एकच होता. पोकळीत पातळ केलेलं मेण भरायचं, म्हणजे पत्रा आणि वेढे एकजीव होऊन गप्प बसतील.

मुकुलनं मेणबत्त्या आणल्या, आयुर्वेदिक दुकानातून थोडं मधमाश्यांचं मेण आणलं आणि गंधालीचं दुधाचं पातेलं घेतलं. पहिल्यांदा ते थेट गॅसवर ठेवलं. एका पिकअपची प्लॅस्टिकची कड वाकली आणि पातेल्याला जो वास लागला तो पुढे कधी गेला नाही. मग त्यानं मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं, त्यात मेण अशी रचना केली आणि प्रयोगशाळेतला थर्मामीटर घरी आणला. मेण वितळलेलं राहील पण तापणार नाही एवढीच ऊब. पिकअप कव्हरासकट त्यात सोडला की आतली हवा बारीक बारीक बुडबुड्यांनी वर येई. बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहायची. मग बाहेर काढून, गार होईस्तोवर कव्हर शिकंज्यात घट्ट दाबून धरायचं आणि शेवटी कडेला सोल्डरचा ठिपका द्यायचा, तोही झटक्यात, नाहीतर आतलं मेण परत सुटायचं.

दोन-तीनदा फसलं. फसलं की चाचणीत शिट्टी वाजे, आणि शेजारच्या पुष्पाबाई कुकरची समजून गॅस बंद करायला उठत. त्या आठवड्यात त्यांची डाळ रोज कच्ची राहिली आणि त्यांनी कुकरची रबरी रिंग दोनदा बदलली.

मुकुलला मात्र काहीतरी नवंच वाटत होतं. शिट्टीपुढे त्याचं काही चालत नव्हतं. परत एकदा ऐकल्यानं ती कमी होत नव्हती. एक तर होती, नाहीतर नव्हती. कित्येक वर्षांत अशा चोख गोष्टीशी त्याची गाठ पडली नव्हती. एका दुपारी त्यानं आवाज पूर्ण वर नेला, स्पीकरसमोर गिटार धरली, कव्हरावर टकटक केली, आणि नुसती शांतता आली. तार छेडली तर सूर स्वच्छ, गोल, मागे काही न ओढता आला. त्यानं गंधालीला हाक मारून मुद्दाम गिटारीवर बोलायला लावलं.

"काय बोलू?"

"काहीही."

"पातेलं नवीन लागेल," गंधाली म्हणाली. स्पीकर गप्प राहिला. मुकुलला भरून आलं.

ह्या काळात विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. कोणीतरी मागच्या रांगेतून मोबाईलवर घेतलेला. त्यात भाऊसाहेब तोंड उघडून उभे होते आणि त्या उघड्या तोंडातूनच जणू एक न संपणारा वरचा सूर निघत होता. खाली विक्रेत्यांनी लिहिलं होतं, 'काय तो सा', 'साहेब, काळजाला भिडलं', 'असा श्वास आता कोणाकडे राहिला'. लिहिणारे हसून लोळत होते. मुकुलनं ते वाचलं आणि ऑफिसमध्ये चेहरा सरळ ठेवून वावरला. भाऊसाहेबांनीही ते वाचलं, पुन्हा पुन्हा वाचलं, आणि त्यांना त्यात हसण्यासारखं काहीच आढळलं नाही.

पुढच्या मेळाव्यात मुकुल छाती काढून उभा राहिला. कव्हरं लखलखत होती. बुद्धभूषणनं आवाज वाढवला, आणखी वाढवला, आणि शेवटी मान हलवून दाद दिली. अंतरा आला. भाऊसाहेबांनी डोळे मिटले, हात उचलला, आणि ह्यावेळी माइक लांब नेला नाही. उलट जवळ घेतला. आणि मग त्या स्वच्छ, निर्मळ साउंडवर त्यांचा गळा जो काही चिरकला तो कार्यालयाच्या स्वयंपाकघरात बुंदी पाडणाऱ्या आचाऱ्यापर्यंत स्पष्ट पोहोचला. टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी मुकुलला केबिनमध्ये बोलावणं आलं. तो कौतुकाच्या तयारीनं गेला.

"बस," भाऊसाहेब म्हणाले. "काल माझा सूर लागला न्हाई."

"थोडा थकवा असेल साहेब."

"थकवा बिलकुल नव्हता. मागच्या टायमाला लागला होता. साऱ्या जिल्ह्यानं आयकला. तू मधल्या काळात गिटारीला काय करून राह्यला होतास?"

"साहेब, शिट्टी बंद केली. तुम्हीच सांगितलं होतं."

"शिट्टी? कोणती शिट्टी?"

भाऊसाहेबांनी टेबलावरचा पेपरवेट एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवला.

"मी काय शिट्टी आयकली न्हाई. माझ्या गळ्याला गिटारीचा एक आधार होता, तेवढा मला माहीत हाये. तो तू काढून घेतला. कशापायी घेतला मला ठावं न्हाई. तुझ्या मनात काय वाईट नसंल."

"नाही साहेब."

"मंग तो आधार परत दे. जल्दी."

मुकुल जायला उठला तेव्हा भाऊसाहेब मागून म्हणाले, "अन् त्या डब्यांची चमक तशीच राहू दे. फोटो चांगले आले."

घरी आल्यावर त्यानं हे गंधालीला सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिनं विळी बाजूला सरकवली आणि इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मुकुल हसला नाही. तो गिटार मांडीवर घेऊन कव्हरावर नखानं टकटक करत बसला होता, आणि काहीच ऐकू येत नव्हतं.

"नाही म्हणून सांगा," गंधाली म्हणाली.

"काय सांगू? की साहेब, तो सूर तुमचा नव्हता?"

"मग काय करणार?"

त्यानं पेचकस हातात घेतला. मग म्हणाला, "एकच उघडतो."

गिटारीत पिकअप दोन होते, एक मानेजवळचा आणि एक घोडीजवळचा, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात तिथला, आणि कुठल्याचा आवाज घ्यायचा ते ठरवायला बाजूला एक खटका होता. मुकुलनं मानेजवळच्याला हात लावला नाही. घोडीजवळच्याचं सोल्डर काढलं, कव्हर उचललं, आतलं मेण कोरून साफ केलं, वेढ्यांना धक्का न लावता, आणि कव्हर मुद्दाम जरासं उचलून बसवलं. मग शिट्टी मोजून मापून आणायला शिकला. पोकळी किती ठेवली की सूर किती वर जातो, स्पीकरपासून किती लांब उभं राहिलं की ती किती वेळ टिकते. भाऊसाहेबांची पट्टी काळी दोन. शिट्टी त्या पट्टीच्या वरच्या सा वर बसवायला त्याला मेण भरण्याहून जास्त दिवस लागले. हे कामही त्यानं मन लावून केलं, हे सांगायलाच हवं. कुठलंही काम वाईट करणं त्याला जमतच नव्हतं.

पुढच्या मेळाव्यात अंतरा येताच मुकुलनं खटका खाली केला आणि स्पीकरकडे एक पाऊल टाकलं. भाऊसाहेबांनी तोंड उघडलं आणि सूर लागला. ते त्यावर उभे राहिले, दोन्ही हात पसरून. मुकुल हळूच मागे सरकला तसा सूर विरत गेला, आणि कार्यालय टाळ्यांनी भरलं. बुद्धभूषणनं मिक्सरवरून मुकुलकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. महिन्याच्या आत मुकुल वरिष्ठ गुणवत्ता अधिकारी झाला.

मग मात्र त्याला उसंत राहिली नाही. भाऊसाहेब लग्नांत गाऊ लागले, सत्कारांत गाऊ लागले, एका पतसंस्थेच्या सर्वसाधारण सभेत गायले. जिथं ते तिथं मुकुल. गंधालीच्या भाचीच्या बारशाला तो पोहोचला तेव्हा बाळ पालथं पडायला लागलं होतं.

वडीगोद्रीला हमरस्त्यालगत एका विक्रेत्यानं नवीन दुकान काढलं. उद्घाटनाला भाऊसाहेब, आणि गाव त्यांचंच, म्हणून मांडवात झाडून सगळे नातेवाईक. गाणं रंगलं, अंतरा आला, खटका पडला, भाऊसाहेबांनी हात पसरले, आणि त्याच वेळी लाईट गेली. पंखे थांबले. सूर मध्येच तुटला. भाऊसाहेबांचं तोंड उघडंच होतं, हात पसरलेलेच होते, आणि हमरस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरखेरीज कसलाही आवाज नव्हता.

पुढच्या खुर्चीवर त्यांची म्हातारी चुलती साळूबाई बसली होती. कानानं जरा कमी, त्यामुळे बोलायची मोठ्यानं.

"धर्मा," ती म्हणाली, "लाईट गेली का तुझा आवाज गेला?"

मांडवात कोणी हसलं नाही. सगळ्यांनी आपापल्या रुमालात खोकून घेतलं. भाऊसाहेबांनी हात खाली घेतले आणि दुकानदाराला म्हणाले, "जनरेटर सांगता येत न्हाई का तुला?" मुकुलनं चेहरा सरळ ठेवला. परतीच्या गाडीत अंबड आलं. भाऊसाहेब म्हणाले, "म्हातारीला आता काय कळत न्हाई." मुकुल म्हणाला, "वय झालंय साहेब." दुसऱ्या दिवशी कंपनीच्या टेम्पोवर एक जनरेटर कायमचा बसवला गेला आणि त्याची देखभाल मुकुलकडे आली.

ह्यानंतर थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका बियाणे कंपनीच्या मालकाचा निरोप आला. त्यांच्याकडे मोठी जागा होती, मोठा हुद्दा होता. भेटीत त्यांनी प्रयोगशाळेबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. चहा झाल्यावर म्हणाले, "तुमच्या भाऊसाहेबांना जो सूर लागतो, तो तुम्ही असलात की लागतो असं ऐकलं. मीही थोडं गातो."

मुकुलनं त्यांना गायला लावलं. त्यांनी डोळे मिटून एक अभंग म्हटला. मुकुल लक्ष देऊन ऐकत होता.

संध्याकाळी गंधालीनं विचारलं, "काय झालं?"

"नाही म्हणालो."

गंधालीनं त्याच्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. इतक्या वर्षांत नवऱ्यानं कोणाला नाही म्हटल्याचं तिच्या ऐकण्यात नव्हतं. ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"का म्हणालात?"

"त्यांचा आवाज खर्जातला आहे," मुकुल म्हणाला. "कव्हर तेवढ्या खाली शिट्टी मारत नाही."